पाहुण्याचं जिवंत स्थलांतर

अंधेरीच्या एका कॉलेजात क्लाउड कॉम्प्युटिंग मराठीतून शिकवायचं ठरलं आणि त्या जागेसाठी मला नमुना तास घ्यायला बोलावलं. पीएचडी झाल्यापासून मला कुणी कुठेच बोलावलं नव्हतं. लग्नपत्रिकेतही मी 'सहकुटुंब'मध्येच मोजला जायचो. नोकरी हवीच होती.

विषय होता लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे जिवंत स्थलांतर. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर राहायला जाणं. त्या मोठ्याला होस्ट म्हणतात आणि त्याच्या पोटात चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला गेस्ट. मी सरळ यजमान आणि पाहुणा केलं. भाषेची सेवा झाली म्हणून चहा प्यायलो.

मग बोरीवलीच्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात, मोठ्याने सराव सुरू केला. स्वयंपाकघरात, कारण माझ्या खोलीत धोंडूमामा होते. मामा मालवणहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले होते. डोळा केव्हाच बरा झाला होता. मामा टीव्ही बघून अजून खात्री करून घेत होते.

"यजमानावर ताण आला," मी फ्रिजला शिकवत होतो, "की पाहुण्याला दुसऱ्या यजमानाकडे हलवायचं. पण त्याला कळता कामा नये. आधी त्याचं सामान गुपचूप थोडं थोडं तिकडे पाठवायचं. शेवटी त्याला क्षणभर गोठवायचं आणि उचलायचं."

टीव्ही बंद झाला. आमच्याकडे तो फक्त वीज गेल्यावर बंद होतो.

मामा दारात उभे. "माझो टॉवेल खंय आसा?"

"आईने धुवायला घेतलाय."

"म्हणजे सुरवात झाली."

"मामा, तो कॉम्प्युटरचा पाहुणा आहे."

"जा म्हणान सरळ सांगूचा ना. गोठवतास कित्याक?"

आई आली. "काय केलंस रे दादाला?"

"तास घेतला."

"मग बाहेर जाऊन घे ना."

मामांनी बॅग काढली. लुंगी आत गेली. आंघोळीच्या वेळी बाहेर आली. चष्मा आत गेला. पेपर आला, चष्मा बाहेर. आई शर्टांच्या घड्या घालून देत होती आणि मामा तेच शर्ट घालून खाली फेरी मारून येत होते. नमुना तासाच्या सकाळीही बॅग अर्धीच होती. "मी चललंय हां," मामा गादीवरून म्हणाले.

तासाला समोर विभागप्रमुख संघमित्रा मॅडम होत्या. त्यांनी मला हवं तेवढं बोलू दिलं, मग विचारलं, "समजा पाहुणा फार कामात आहे. सामान, म्हणजे मेमरीतली माहिती, पोचेपर्यंत तो ते बदलतो, म्हणून पुन्हा पाठवावं लागतं. स्थलांतर संपणार कधी?"

याचं सूत्र मी पाठ केलं होतं. तोंडातून वेगळंच आलं. "संपत नाही मॅडम. तो लुंगी बॅगेत टाकतो आणि आंघोळीला काढतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग उपाय?"

"एक तर पाहुण्याचा वेग कमी करायचा. नाहीतर आधी पाहुण्यालाच तिकडे नेऊन बसवायचं आणि सामान लागेल तसं मागून पाठवायचं."

"आणि दोन्ही जमलं नाही तर?"

"यजमानाने हॉलमध्ये झोपायचं."

"पाहुणे कुठले?"

"मालवणचे."

"आमच्याकडे अकोल्याचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "तो सामान मागून पाठवायचा उपाय घरी करून बघितलात?"

"नाही."

"मीही नाही. धीर होत नाही." मग त्यांनी मला कधीपासून रुजू होता येईल ते विचारलं.

घरी येऊन मामांना नोकरीचं सांगितलं. त्यांनी बॅग उपडी केली.

"आता मी जाऊन कसा चलात? तुका शिकवूक पाहुणो लागतलो. पुढचो धडो काय?"

"लोड बॅलन्सिंग. सगळ्या यजमानांवर सारखा भार येईल असं बघायचं."

"तुझ्या चंपामावशीकडे मुलुंडाक सासरची माणसां इली हत," मामा म्हणाले. "तिका फोन कर. अर्धी हयसर धाड म्हणान सांग."