विनीतने आखलेली तिसरी घसरण

जामसंड्यात जानकीचं झेरॉक्सचं दुकान आहे. धाकटा भाऊ विनीत मुंबईची नोकरी सोडून आला आणि तिथल्याच कोपऱ्यात टेबल टाकून शेअरबाजार बघत बसू लागला. गिऱ्हाईक नसलं की तो तिला आलेख दाखवायचा.

“बघ गो, पयली घसरण वीस टक्क्यांची, दुसरी दहाची. विकणारे थकतत. तिसरी आणखी ल्हान झाली, की भाव दबान बसता. मगे वरची ही रेषा ओलांडून उसळता.”

“आणि फसवल्यान तर?”

“उलाढाल बघूची. घेणारी माणसां नसली तर ता उसळणा खोटा.”

भाद्रपदात विजयदुर्गाहून येताना विनीतच्या मोटरसायकलला अपघात झाला. तो जागीच गेला.

तेराव्यानंतर जानकीने त्याचा फोन उघडला. पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या आलेखावर त्याने झालेल्या दोन घसरणी आखल्या होत्या. पुढच्या कोऱ्या जागेत, अजून न उजाडलेल्या दिवसांवर, तुटक रेषेने तिसरीही काढून ठेवली होती.

ती रोज बघू लागली. भाव त्या तुटक रेषेवरूनच चालला होता, कुणी बोट धरून न्यावं तसा. बघताना तिला मानेजवळ त्याचा श्वास जाणवायचा. ती मागे वळत नसे.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास ती एका बाईंचं आधार कार्ड झेरॉक्स करत होती, तेवढ्यात विनीतचा फोन वाजला. पडद्यावर त्याचे शब्द होते : ‘जानके, रेषा ओलांडल्यान. आता घे.’

भाव वरची रेषा ओलांडताच वाजावी म्हणून त्यानेच कधीतरी लावून ठेवलेली ही सूचना, हे तिला कळत होतं. तरी ती दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आली.

मग तिने किती शेअर घ्यायचे तो आकडा भरला, खरेदीच्या बटणावर बोट नेलं. नजर आलेखाच्या तळाशी गेली. तिथला आजच्या उलाढालीचा खांब कालच्याहूनही बुटका होता.

“विनीता, माणसां खंय आसत रे?” ती मोठ्याने म्हणाली. बाई दचकल्या.

जानकीने बोट मागे घेतलं.

बाजार बंद होईपर्यंत भाव पुन्हा वरच्या रेषेखाली आला. दुसऱ्या दिवशी तर तो विनीतची तुटक रेषाही सोडून धाडकन कोसळला. आपण वाचलो, याचा तिला आनंद झाला नाही. पुढचं सगळं बघून तो गेलाय, असं इतके दिवस वाटत होतं. त्याला काहीच दिसलं नव्हतं. अपघातसुद्धा.

तिने शटर अर्धं ओढलं आणि त्याच्या टेबलाशी बसून, तो गेल्यानंतर पहिल्यांदाच, पोटभर रडली.