मागच्या खोलीचा उतार

बापूनं छपराचा विषय काढला तेव्हा ताई भाजी निवडत होती. जुडी बाजूला सारून तिनं हात स्वच्छ पुसले आणि नीट मांडी घालून बसली, पोथी उघडायला बसावं तशी. बापू तिचा धाकटा भाऊ. त्याच्या घराच्या भिंती खिडक्यांच्या वर गेल्या होत्या आणि वर काय घालायचं ते सांगा म्हणून गवंडी रोज मागे लागला होता.

"ते तू ठरव, ताई. आम्हाला त्यातलं काय कळतं?" बापू म्हणाला.

ताईला कळत होतं. कौलांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं काढली होती. भट्टीतून निघालेलं कौल तिच्या टेबलावर यायचं, ती बोटाच्या पेरानं ते वाजवायची. खणकन बोललं तर पुढे, बद्द बोललं तर बाजूला. अख्खी गल्ली तिला कौलताई म्हणायची. माणसं मात्र तिनं आयुष्यात कधी वाजवून पाहिली नाहीत. कोणी गोड बोललं की ते पक्कं भाजलेलंच आहे असं ती धरून चालायची.

घराची जागाही तिचीच होती. वडील गेल्यावर बापूचं शिक्षण, आईचं आजारपण सगळं तिनंच ओढलं, लग्नाचं राहूनच गेलं, म्हणून आईनं जाण्याआधी ती जागा तिच्या नावावर केली होती. ताईनं ती हसतहसत बापूला लिहून दिली. मागितलं काहीच नाही. बापूच आपणहून म्हणाला होता, "मागची खोली तुझी, ताई. मरेपर्यंत." त्या एका शब्दावर तिनं आपल्या भाड्याच्या खोलीच्या मालकिणीला कळवून टाकलं की महिनाअखेर मी निघते, भावाकडे जाते. भांडी बांधली, ट्रंक भरली. देवाला रोज सांगू लागली की आता तुझीही जागा बदलणार बरं का, पूर्वेची खिडकी आहे तिथं.

तर असं हे छपराचं काम तिच्याकडे आलं. तीन दिवस ती रस्त्यानं वर बघत हिंडली. मान दुखायला लागली. एका ठिकाणी तर माळ्यावरच्या बाईनं खाली डोकावून, काय पाहिजे म्हणून दरडावलं. ताई म्हणाली, काही नको, तुमचं आढं वाकलंय तेवढं बघून घ्या.

पत्रा तिनं पहिल्याच दिवशी बाद केला. स्वस्त, झटपट, पण उन्हात तापतो आणि सर आली की आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. स्लॅब भक्कम खरा, पण गच्चीत पाणी साचलं की त्याची जी सेवा करावी लागते ती बापूच्यानं व्हायची नाही. त्याला सायकलच्या चाकात हवा भरायचा कंटाळा. चारी बाजूंनी उतरणारं चौपाखी छप्पर दिसायला देखणं, पण जितके सांधे तितकी गळती. शेवटी तिनं ठरवलं, साधं दुपाखी. मधे आढं, दोन्हीकडे उतार, वर कौलं. तिनं वहीच्या कागदावर सगळं लिहून काढलं आणि खाली रेघ ओढून ठळक अक्षरात लिहिलं, की उतार फुटाला सहा इंच हवाच. त्याहून कमी दिला तर वाऱ्यानं पाणी कौलाच्या पोटात उलटं शिरतं.

कागद द्यायला ती बापूच्या बिऱ्हाडी गेली तेव्हा भावजयीनं तिला खुर्चीवर बसवलं, सरबत केलं आणि कागद न वाचताच नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? वन्सं कौलंच म्हणतील."

ताईला त्याचं फार बरं वाटलं. आपल्याला ओळखणारं माणूस घरात आलंय असं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिनं केली नाही. घराचा नकाशा मागितला नाही. कारखान्यात कौल कोणाच्या घरावर चढणार हे कोणी विचारत नसे. कौल चांगलं आहे की नाही एवढंच बघायचं आणि पुढे सरकवायचं. तीच खोड इथं नडली.

आठवड्यानं ती बांधकामावर गेली. समोरच्या भिंती झाल्या होत्या, मधे आढ्याच्या जागी बांबू उभा करून गवंड्यानं दोन्हीकडे दोरी ताणली होती. ताई स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत गेली. पूर्वेच्या खिडकीची जागा शोधायला पुढे सरकली आणि दोरी कपाळाला लागली. ती वाकली. आणखी दोन पावलं टाकली तर गुडघ्यांवर हात ठेवावे लागले. मागची भिंत तिच्या कंबरेच्या जरा वर आली होती आणि वरचा थर सपाट करून पुरा केलेला होता.

तिथं वाकूनच तिनं हिशेब केला. स्वयंपाकघराची भिंत आठ फूट. खोली नऊ फूट रुंद. फुटाला सहा इंच म्हणजे साडेचार फूट उतार. उरले साडेतीन. दाराकडच्या बाजूला उभं राहता येत होतं. मागच्या भिंतीकडे नाही. खिडकीला तर जागाच नव्हती.

गवंडी घमेलं घेऊन आला तेव्हा ती तशीच वाकलेली होती. भिंत अजून वर न्यायची राहिली आहे ना, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, नाही बाई, झाली ती. कौलाला एवढा उतार लागतोच, तुमच्याच हातचा कागद दिलाय मला साहेबांनी.

तेव्हा ताई जे बोलली ते ऐकायला कारखान्यातलं कोणी तिथं असतं तर त्यानं कानाला हात लावले असते. ती म्हणाली, मग कौलं राहू दे. पत्रा घाल. पत्र्याला फुटाला दोन इंच पुरतात. ही भिंत साडेसहा फुटांवर जाईल, माणूस उभं राहील.

गवंड्याला हसू आलं, पण तिचं तोंड बघून त्यानं ते गिळलं. "साहेबांना विचारा. मला काय, तुम्ही म्हणाल ते बांधतो," असं म्हणून तो बाहेर गेला आणि उन्हात विटा भिजवत बसला.

बापू आणि भावजय थोड्या वेळानं आलीच. ताईच्या मनात अजून काळंबेरं नव्हतं. बिचाऱ्याला उताराचं गणित काय माहीत, असंच ती धरून होती. तिनं त्याला हाताला धरून मागे नेलं, वाकायला लावलं, सगळं समजावून सांगितलं. तो शाळेत असताना पाढे शिकवले होते तसं.

बापू ऐकत होता आणि बुटाच्या टाचेनं जमिनीतला खडा उकरत होता.

भावजयच बोलली. वन्सं, तुमच्या कौलांचा मान राहावा म्हणून तर आम्ही हे सगळं केलं, असं ती म्हणाली. पुढून घर कसं शोभून दिसेल. पत्रा घातला तर गोदाम वाटेल. आणि या खोलीचं काय, इथं तुमचं सामान राहील, तुमची ट्रंक राहील, तुम्ही याल-जाल, दोन-चार दिवस मुलांच्या खोलीत झोपाल. घर तुमचंच आहे.

"बापू, नकाशा दाखव," ताई म्हणाली.

त्यानं खिशातली घडी काढली. कागद घड्यांवर मऊ पडला होता, पुष्कळ वेळा उघडला-मिटलेला. पुढची खोली, मुलांची खोली, स्वयंपाकघर, आणि मागच्या चौकोनात एकच शब्द लिहिलेला होता: सामान. दुपाखी छप्परही काढलेलं होतं, उतारासकट. कोपऱ्यात तारीख होती. जागेच्या कागदांवर तिनं सही केली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली.

ताईनं तारीख दोनदा वाचली.

"मग मला कशाला विचारलंस रे?"

बापू खाली बघत उभा राहिला. लहानपणी काच फोडली की तो असाच उभा राहायचा आणि ताईच पुढे होऊन सांगायची, माझ्या हातून फुटली. आजही तो त्याचीच वाट बघत होता. नाही हा शब्द त्याला स्वतःच्या तोंडून काढायचा नव्हता. तो तिच्या अक्षरात लिहून हवा होता, आणि तिनं तो ठळक करून, खाली रेघ ओढून दिला होता.

गवंडी परत आला. माणसं रोजावर आहेत, काय ते सांगा, म्हणाला. भिंत वर न्यायची असेल तर आत्ता नेतो, एकदा वासे चढले की काही करता यायचं नाही.

"ताई सांगेल," बापू म्हणाला.

ताईनं मागच्या भिंतीवर हात ठेवला. सिमेंट अजून ओलं होतं. पत्रा घाल म्हटलं असतं तर बापूनं घातलाही असता. खोली उंच झाली असती. आणि मग रोज सकाळी स्वयंपाकघरातून जाता-येता दोन माणसांची तोंडं बघावी लागली असती.

"इथंच थांबव," ती म्हणाली.

गवंड्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. बापूनं एवढा मोठा श्वास सोडला की तो तिघांनाही ऐकू गेला. मग तो बायकोकडे वळून मोकळ्या, प्रेमळ आवाजात म्हणाला, "बघ, ताईला घरातलं सगळं कळतं."

ती चालत परतली. वाटेत देऊळ लागलं. आत शिरायचं तिच्या मनात होतं, पण देवाला काय सांगावं ते सुचेना, म्हणून बाहेरूनच हात जोडले.

घरमालकीण दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं विचारलं, कधी निघायचं ठरलं, नवीन माणसं किल्ली मागताहेत.

"आणखी थोडे दिवस राहू द्या मला," ताई म्हणाली. "घराचं छप्पर ठरत नाहीये."

"तुम्ही असताना?"

"मी आहे म्हणूनच. भाऊ म्हणतो, ताईच्या मनासारखं झाल्याशिवाय काही घालायचं नाही."

मालकिणीचा हात घडीवर थांबला. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, म्हणाली. नवीन माणसांना एक महिना थोपवीन, त्यापुढे मात्र माझाही इलाज नाही.

"महिना पुष्कळ झाला," ताई म्हणाली.

आत जाऊन तिनं ट्रंक उघडली. तवा, एक पातेलं, एक ताट बाहेर काढलं. बाकीचं तसंच राहू दिलं आणि झाकण लावलं.