शेवटच्या घराचा नळ

"अहो पाणीवाले, ह्या पाण्याला भिजक्या गोणपाटाचा वास येतोय!" सासूबाई कमरेवर हात ठेवून नळाशी उभ्या होत्या.

"वहिनी, तुमचं नाक जरा जास्तच चालतं. टाकीत पावडर मी स्वतःच्या हातानं घालतो."

"घालता, मग ती जाते कुठं? वाटेत कुणी खातं का?"

पाणीवाला हसला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

सून मोरीत पोराची दुपटी पिळत होती. महिन्याभरात पोराचं पोट दुसऱ्यांदा बिघडलं होतं. गालांवरचं लोणी पार उतरलं होतं. ती पाणी उकळायची, गाळायची, झाकून ठेवायची. पण आंघोळीच्या टबात बसवलं की हे महाराज मगाला तोंड लावून घटाघटा प्यायचे आणि वर आईकडं बघून हसायचे. त्या हसण्यावर रागवावं तरी कसं?

दर सोमवारी नर्सबाई गावाचं पाणी तपासायला यायच्या. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, टाकीतली जंतू मारायची पावडर नळापर्यंत पोचली. पण त्यांची तपासणी टाकीला लागून असलेल्या पहिल्या घरीच उरकायची. तिथं पंखा होता, खुर्ची होती आणि न मागता चहा मिळायचा. पाणी पिवळंधमक, गाव पास!

"आई, बाईंना एकदा आपल्या नळापर्यंत आणायला हवं. मी जाऊन विनंती करू का?"

"तू विनंती करशील, ती मान हलवेल, आणि तू परत येशील. राहू दे, मीच जाते."

सासूबाई गेल्या, आणि विनंतीबिनंतीच्या भानगडीत न पडता त्यांनी नर्सबाईंची पिशवीच काखेत मारली. पुढं पिशवी, मागं चिखलातून चप्पल उपसत नर्सबाई, अशी वरात गावाच्या टोकाला, ह्यांच्या शेवटच्या घरी आली.

नळीत पाणी घेतलं. थेंब पडले. पाणी जसंच्या तसं. नर्सबाईंनी नळी हलवली, उजेडात धरली, आणखी थेंब टाकले.

"औषध जुनं झालं असेल," त्या पुटपुटल्या.

सुनेनं त्याच नळाचा ग्लास भरून पुढं केला. "बरोबर आहे. घ्या ना बाई, उन्हातून आलात."

नर्सबाईंनी ग्लास हातात घेतला, पण ओठांना लावला नाही.

"घ्या की," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दर सोमवारी पास करता, तेच आहे."

नर्सबाईंनी ग्लास खाली ठेवला. "पाणीवाल्याला बोलवा."

पाणीवाला आला, कुदळ आली, बघायला अख्खी गल्ली आली. नळाचा पाइप गटाराखालून गेला होता. उकरल्यावर दिसलं, जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि तीही कुजून फाटलेली. पाणी बंद झालं की गटार त्या फटीतून आत शिरत होतं.

"तात्पुरती बांधली होती, वहिनी," पाणीवाला मान खाली घालून म्हणाला.

"कधी?"

"तुमच्या घरच्या लग्नात. वऱ्हाड दारात आलं आणि जोड सुटला. म्हटलं, नंतर बघू."

"अगंबाई!" सून म्हणाली. "म्हणजे ही ट्यूब आणि मी एकाच दिवशी ह्या घरात आलो!"

गल्ली पोट धरून हसली. पाणीवाल्यानं मात्र मान वर केली नाही. ऊन उतरेपर्यंत त्यानं गटाराच्या वरून नवा पाइप टाकला. नळ सोडला, गढूळ पाणी वाहू दिलं, मग नर्सबाईंनी पुन्हा नळी भरली. थेंब पडले आणि पाण्यात पिवळा रंग हळूहळू चढत गेला.

सुनेचे डोळे भरून आले.

"आता रडायला काय झालं?" सासूबाईंनी पोराला तिच्या कडेवरून ओढून घेतलं. "किती रात्री जागतेस! जा, पड जरा. मी बघते ह्याला."

सून आत गेली आणि उशीला डोकं टेकताच तिचा डोळा लागला. थोड्या वेळानं आतून बारीक, संथ आवाज यायला लागला.

"ऐका, ऐका!" सासूबाई नर्सबाईंच्या कानाशी कुजबुजल्या. "आमची सून घोरते!" आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, की बाहेरचा आत येऊ नये म्हणून, कुणास ठाऊक, पण त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.