दुर्गाबाईच्या दारचं पांढरं कुंपण

रामराव आला की दुर्गाबाईच्या कपाळावर जी आठी पडायची, ती तो एसटीत बसून अकोल्याला परत जाईपर्यंत उतरायची नाही. धाकटा भाऊ. सरकारी खात्यातून रिटायर झालेला, अकोल्यात फ्लॅट घेतलेला, आणि हाताला काम उरलं नाही म्हणून सगळं काम तोंडाला दिलेला. बहिणीचं गाव पातूरच्या रस्त्यावर, त्यामुळे पंधरवड्यातून एकदा तरी स्वारी हजर. चहा बहिणीचा प्यायचा आणि कपाच्या कानापासून घराच्या छपरावरच्या कवेलूपर्यंत सगळ्यात खोट काढायची, हा त्याचा पेन्शनीतला उद्योग.

त्या माघात त्याची नजर कुडावर पडली.

कूड म्हणजे अंगणाला रस्त्याच्या बाजूनं केलेला तुराट्यांचा आडोसा. तूर झोडून झाली की उरलेल्या काड्या उभ्या रोवायच्या, अंबाडीच्या दोरीनं आवळायच्या, की वर्षभराचं कुंपण झालं. पुढच्या माघात जुना कूड चुलीत, नवा अंगणात. गावात कुणाचं पीक कसं आलं हे तोंडानं विचारायची पद्धत नव्हती. कूड पाहिला की कळायचं. तुराट्या अंगठ्याएवढ्या जाड असल्या तर घरात तूर आली, करंगळीएवढ्या किरट्या असल्या तर आली तशी गेली. अलीकडं सगळ्या गावाचेच कूड किरटे झाले होते, पण त्यातल्या त्यात दुर्गाबाईचा ताठ. नवरा गेल्यावर तिनं आणि पोरानं मिळून वावर राखलं होतं, आणि तो कूड म्हणजे तिची नाकासमोर टांगलेली अब्रू होती.

"बाई, हे काढ आता," रामराव म्हणाला. "पाहुणे येतात अन् सगळ्यात आधी हेच पाहतात. श्यामच्या वयाचा काही विचार कर."

श्याम तिचा एकुलता एक. तिशी कधीच ओलांडलेला, सुपारीचंही व्यसन नसलेला, कामाला वाघ आणि बिनलग्नाचा. दोष एकच, पोरगा शेती करतो. मुलींचे बाप यायचे, पोहे खायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि जाऊन शिपायाच्या पोराला पोरगी द्यायचे. दुर्गाबाईला या बापांचाही मनस्वी तिटकारा. स्वतः वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जन्मलेले, आणि आता ढेकळावर पाय पडला तर बूट झटकतात! पण कितीही नाक मुरडलं तरी एक गोष्ट तिचं काळीज खायची. आपले डोळे मिटल्यावर या पोराला ताट वाढून 'जेवता का' म्हणून कोण विचारेल?

म्हणून ती भावाबरोबर आणि पोराबरोबर गेली. नाही तर अकोल्याच्या त्या कुंपणाच्या दुकानात तिनं पाऊलही टाकलं नसतं.

दुकानदार परवेज नावाचा तरुण होता, गोड बोलणारा. त्यानं कुंपणाचे नमुने भिंतीशी उभे केले. जाळीचा, आडव्या पट्ट्यांचा, वर टोक काढलेल्या उभ्या पट्ट्यांचा.

"हे विनाइल, मावशी," तो म्हणाला. "लाकडासारखं दिसते, पण वाळवी लागत नाही, गंजत नाही, रंग द्यावा लागत नाही. एकदा लावलं की याच्याकडे पाहाचंच काम नाही."

"म्हणजे प्लास्टिक," दुर्गाबाई म्हणाली.

"प्लास्टिकच, पण मजबूत वालं."

"बकरी खाते काय याले?"

"नाही खात."

"जुनं झाल्यावर चूल पेटते?"

परवेजनं रामरावाकडे पाहिलं. "जाळाचं नाही मावशी. धूर वाईट असते त्याचा."

"बकरीच्या कामाचं नाही अन् चुलीच्या कामाचं नाही," दुर्गाबाई भावाकडे वळली. "रामा, सारं तुह्यावरच गेलं हे."

परवेजनं तोंडावर रुमाल धरला. रामराव मात्र चष्मा लावून नमुन्यांच्या पुस्तकाची पानं उलटू लागला, जणू त्याला बंगल्याचीच निवड करायची होती. आणि श्याम एका नमुन्यापाशी उकिडवा बसून पट्टी हलवून पाहत होता, खांब जमिनीत किती जातो ते विचारत होता. मामाच्या तालावर पोरगा असा नाचतो हे दुर्गाबाईला पाहवेना. ती तडक बाहेर पडली आणि समोरच्या रसवंतीत जाऊन बसली. शेवटी काय ठरलं, कसं ठरलं, ते तिनं विचारलंही नाही. दोघं बाहेर आले तेव्हा रामराव म्हणाला, "पांढरं घेतलं." तिनं उसाच्या रसातला बर्फ थुंकला आणि उठली.

फाल्गुनात टेम्पोतून कुंपण आलं. फिटर येण्याच्या आदल्या दिवशीच श्यामनं कूड उपसून गोठ्यामागं रचला, पहारीनं खड्डे खोदले आणि बैलगाडीभर मुरूम आणून त्यांत टाकला. मामानं माझ्या पोराला हमाल केलं, असं दुर्गाबाई शेजारच्या धर्मपालच्या बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. संध्याकाळपर्यंत दारापुढं पांढऱ्याशुभ्र टोकदार पट्ट्यांची रांग उभी राहिली. शेणानं सारवलेलं अंगण, मातीच्या भिंती, आणि पुढं ते! म्हाताऱ्याला कवळी बसवावी तसं घर दिसू लागलं.

"कसं हासून राहिलं घर," दुर्गाबाई त्या रात्री भाकर वाढताना म्हणाली. "आता त्याले मंजनही आणा लागन."

श्यामनं मान वर केली नाही. "अर्धी भाकर दे, माय," एवढंच म्हणाला.

मग रोजच हे सुरू झालं. कुंपणाला तिनं सांगाडा म्हटलं, फासळ्या म्हटलं, आइस्क्रीमच्या काड्या म्हटलं. मध्ये एकदा गारांसकट अवकाळी पाऊस कोसळला. काळी माती फुगली की खांब उचलून फेकते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. धर्मपालचे तारेचे खांब रातोरात आडवे झाले. दुर्गाबाई उजाडताच मोठ्या आशेनं अंगणात गेली. पांढरं कुंपण दोरीत धरल्यासारखं सरळ उभं होतं. एकही खांब तसूभर हलला नव्हता. ती अगदी हिरमुसून गेली.

त्याचा राग म्हणून तिनं ऊन पडल्यावर कुंपणाच्या आतल्या बाजूनं गोवऱ्या थापल्या. थापली की गोवरी सरकन खाली यायची. तिनं परत थापली, ती परत घसरली.

"शेणसुद्धा थांबत नाही याच्यापाशी," ती म्हणाली. "शेणाले बी अक्कल आहे."

गोवऱ्या पडल्या, डाग राहिले. श्याम वावरातून आला, त्यानं डागांकडे पाहिलं आणि बैल बांधायला निघून गेला.

चैत्रात परतवाड्याहून पाहुणे आले. मुलीचे वडील चंद्रभान, कचेरीत कारकून. त्यांची बहीण केशरबाई, आणि मुलगी पौर्णिमा. हल्ली मुलगीही घर पाहायला येते, यावरही दुर्गाबाईचं मत होतं, पण ते तिनं त्या दिवसापुरतं गिळलं. रामराव सकाळीच येऊन बसला होता. शेणाच्या डागांवर त्यानं सतरंजी वाळत घातली होती.

गाडीतून उतरताच चंद्रभान कुंपणापाशी थबकले. "वा, हे तर आमच्या साहेबांच्या बंगल्याले आहे तसं," ते म्हणाले. केशरबाईनं टोकाला हात लावून पाहिला. पौर्णिमानं पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि श्यामकडे पाहून म्हणाली, "छान आहे." श्यामचा चेहरा असा उजळला, की गेल्या कित्येक वर्षांत दुर्गाबाईनं तो तसा पाहिला नव्हता. एवढ्याशा प्लास्टिकचं एवढं कौतुक, तिच्या मनात आलं, आणि तिनं पोह्यांवर कोथिंबीर जरा जोरातच भुरभुरली.

बोलणं मात्र जमत गेलं. पोहे झाले, चहा आला. केशरबाईनं स्वयंपाकघरात डोकावून "गॅस आहे ना?" विचारलं आणि 'आहे' म्हटल्यावर खूश झाली. पौर्णिमा दोनदा हसली. एकदा तर श्यामच्या बोलण्यावर. दुर्गाबाईच्या मनात नको म्हणताना लग्नाचा मांडव उभा राहायला लागला.

तेवढ्यात चंद्रभान खुर्चीत मागं रेलले. "मध्यस्थ म्हणत होता का वावर आहे म्हणून. पण दार पाह्यलं अन् जीव भांड्यात पडला. विकलं असन तुमी. बरं केलं. म्या बी माह्या हिश्शाचं कवाच विकून टाकलं. काय ठेवलं आहे त्या मातीत?"

रामरावानं तोंड उघडलं. 'विचार चालू आहे' असं काहीतरी गुळमुळीत तो बोलणार, हे दुर्गाबाईनं ओळखलं.

"विकलं नाही," ती म्हणाली. "वावर आहे, बैल आहेत, अन् तुमी जे पोहे खाल्ले त्यातले शेंगदाणे बी त्याच मातीतले आहेत. कुंपणापायी वावर विकणारे वाटलो काय आमी?"

चंद्रभान श्यामकडे वळले. "म्हणजे तुमी शेतीच करता?"

"शेतीच करतो," श्याम म्हणाला.

पौर्णिमानं कपात पाहिलं. केशरबाईनं पदर सावरला. चहा संपवून चंद्रभान उठले, कुंपणाचं फाटक आपल्या हातानं नीट लावून घेतलं, आणि बाहेरून म्हणाले, "कळवतो."

गाडीची धूळ बसते न बसते तोच रामराव सुरू झाला. "बाई, तुझी जीभ आवरत नाही का गं? जमलेलं होतं. विकून टाक म्हणतो मी ते वावर. श्यामला अकोल्यात दुकान टाकून दे. पोरींची रांग लागेल."

"कुंपणच शेत खाते म्हणतात ते असं," दुर्गाबाई म्हणाली. "सख्खा मामा तू, अन् तूच वावर खायले निंघाला. तुह्या त्या पांढऱ्या फासळ्या पाहून लोकं माह्या दारात इचारतात, वावर विकलं काय म्हणून. उपटून ने ते. फ्लॅटच्या गच्चीवर लाव अन् बस त्याच्याआड शहाणपण शिकवत."

रामराव एरवी एकाला दोन बोलणारा. पण या वेळी तो भाच्याकडे पाहू लागला.

"मामाचं नाही ते, माय," श्याम म्हणाला. "म्या आणलं. मामा तं तपकिरी घे म्हणत होता. पांढरं मले आवडलं."

दुर्गाबाईच्या हातातला कप हातातच राहिला. "तुले? कायले?"

"मागच्या साली अकोटचे पाहुणे आले होते. तू आत पोहे करून राहिली होती. त्या पोरीनं अन् तिच्या बहिणीनं आपल्या कुडापाशी उभं राहून मोबाईलवर फोटो काढला, अन् दोघी हासल्या. मी गोठ्यात होतो. त्याईले दिसलो नाही." त्यानं कुंपणाकडे पाहिलं. "वावराचं तू बोलली ते बराबर बोलली. तू नसती बोलली तं म्या सांगतलं असतं. मले काही लपवाचं नव्हतं. फक्त कोणी हासू नये आपल्याले, इतकंच वाटत होतं."

आणि बैलांना पाणी दाखवायला तो गोठ्याकडे गेला.

रामरावानं चप्पल घातली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. दुर्गाबाई ओट्यावर बसून राहिली. मुरूम टाकलेले, म्हणून पावसात न फुगलेले खड्डे तिला आठवले. रामाला कुठून सुचायला मुरूम? त्याला काळ्या मातीचं काय कळतं! सांगाडा, फासळ्या, मंजन, जे जे तिच्या तोंडाला आलं होतं ते सगळं त्या पोरानं ताटावर बसून ऐकलं होतं आणि वर अर्धी भाकर मागून घेतली होती. हासायला अकोटच्या पोरी तरी एकदाच आल्या होत्या. ती तर महिनाभर रोज हासत होती.

ती उठली. कुंपणावरची सतरंजी तिनं ओढून काढली. खालचे शेणाचे डाग वाळून कडक झाले होते.

"श्याम," तिनं गोठ्याकडे पाहून हाक मारली. "हे कायनं पुसतात रे?"

गोठ्यातून आवाज आला. "साध्या पाण्यानं निघते, माय. दुकानवाल्यानं सांगतलं होतं."

तिनं पदर खोचला, बादली भरून आणली आणि फडकं भिजवून घासायला बसली. साध्या पाण्यानं काही ते निघालं नाही. तिला नखानं खरवडावं लागलं.