घट्ट बसलेले झाकण

मित्रांनो, दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबा आणि समोर आपले माणूस बोलत आहे अशी कल्पना करा. ओठ हलतात, आवाज मात्र येत नाही. आता हात काढा. तुम्हाला ते जमते. ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी माझा जन्म झाला.

मी एक जुने कानाचे यंत्र आहे. जुने म्हणजे किती, तर अवघ्या दोन वर्षांचे.

माझ्या थोरल्या भावंडांच्या पोटावर एक छोटा स्क्रू असे. तो फिरवला की झाकण निघे आणि आतला सेल बदलता येई. ती वर्षानुवर्षे कामाला येत. कारखान्याच्या मालकांना नेमके हेच खुपले. "एकदा घेतलं की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही," ते म्हणाले. स्क्रू गेला, डिंक आला. सेलही असा निवडला, की दोन वर्षांत त्याने मान टाकावी.

माझे झाकण चिकटवले डिंकताईने. कारखान्यात तिला सगळे याच नावाने हाक मारत. हात इतका सफाईदार, की सांधा शोधून सापडू नये. "हिने लावलेलं झाकण ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही," मुकादम कौतुकाने म्हणत. शाबासकी म्हणून तिला सवलतीत मी मिळालो. तिने मला घरी नेऊन आपल्या वडिलांच्या कानाला लावले.

ते माझे सुखाचे दिवस. तिची मुलगी नुकती वाचायला शिकली होती. रोज संध्याकाळी ती आजोबांना गोष्ट वाचून दाखवी आणि आजोबा तिची चूक बरोबर पकडत. "अगं, हत्ती बिळात कसा शिरेल? नीट बघ, उंदीर असेल."

एके दिवशी गोष्ट अर्ध्यावर असतानाच माझा सेल संपला.

"ताई, हे मॉडेल बंद झालं," दुकानदार म्हणाला. "आणि हे उघडणार कसं? नवंच घ्या." नवे घेण्याची ऐपत नव्हती.

डिंकताई मला घेऊन स्वयंपाकघरात बसली. "तूच चिकटवलंस ना? मग तूच उघड की," आजोबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. तिने मला वाफ दिली, सुरीचे टोक घातले. सांधा हलेना. तिने जोर लावला, तशी माझी पाठ फुटली आणि आतली केसासारखी तार तुटली. तो आवाज आजोबांना ऐकू आला नाही. ते कान पुढे करून वाट पाहत राहिले.

"आई, उद्यापण डिंक लावणार तू?" मुलीने विचारले.

"लावावाच लागेल, बाळा." ती बोटांवरचा वाळलेला डिंक खरवडत राहिली.

मित्रांनो, नवी वस्तू घेताना ती आधी उलटी करून पाहा. उघडायला जागाच नसेल, तर तिचे मरण कारखान्यातच ठरले आहे असे समजा. आणि मोठे होऊन तुम्ही वस्तू बनवाल, तेव्हा एका स्क्रूपुरती जागा ठेवा.

मुलीने पुस्तक आणले. आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन तिने मुद्दाम चुकीचे वाचले, "हत्ती बिळात शिरला," आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

आजोबांनी हसून मान डोलावली.

तिने तेच वाक्य पुन्हा वाचले, आणखी मोठ्याने.