रेशमाच्या अळ्यांनी लिहिलेलं नाव

"देवीनं लिहिलं! देवीनं लिहिलं!"

राजवाड्याच्या रेशीमघरात सकाळी सकाळी एकच गलका झाला. पुढे महाराणी, मागे मानाप्रमाणे उभ्या राण्या, त्यांच्या मागे दासी, दाया, खोजे. उंबऱ्यावर तर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चार हात रुंद बांबूचं सूप. जोगीण मियाओचिंगनं त्यावरचं पिवळं कापड झर्रकन ओढलं आणि पुढच्या रांगेतल्या तिघीचौघी मटकन खाली बसल्या.

रात्रभरात अळ्यांनी तुतीची पानं फस्त केली होती. राहिल्या होत्या नुसत्या शिरा. पण मधले काही पट्टे मात्र हिरवेगार, कुणी तोंड न लावलेले. एक आडवी रेघ, तिच्या मधून खाली उतरलेली उभी रेघ, टोकाला बारीकसा बाक. वाचायला पंडित नको होता. ते अक्षर होतं 'दिंग'.

आणि दिंग घराण्यातली राणी वाड्यात एकच होती. सगळ्यांत धाकटी, शूवेई.

तिच्या आजूबाजूच्या बायका दोन पावलं सरकल्या. आगीजवळून सरकावं तशा.

"रेशीममाता खोटं खात नाही, खोटं लिहीत नाही!" जोगिणीनं घोड्याच्या केसांची चवरी हवेत फिरवली. "गेल्या जन्मी मी स्वर्गातल्या रेशीमघरात झाडू मारत होते, म्हणून माता माझं ऐकते. यंदा अळ्या का मरतायत? छोट्या राजपुत्राचा खोकला का हटत नाही? विचारलं मी. मातेनं नाव दिलं! जन्मदात्या आईचीच सावली वाईट. अळ्या कोष धरायच्या आत बाळ तिच्यापासून हलवा. ईशान्येच्या महालात, निर्मळ नशिबाच्या बाईच्या ओटीत!"

ईशान्येला महाल राणी माजियाचा. तिला मूल नव्हतं. तिनं लगेच रुमाल डोळ्यांना लावला.

"धाकटे, मला कुठं हौस आहे गं?" ती शूवेईला म्हणाली. "पण देवीपुढं आपण कोण? पोटच्या पोरासारखा वाढवीन हो."

शूवेईचा छोटा राजपुत्र श्याओमान अकरा महिन्यांचा. आईनं एकदा सोडला की सणासुदीला लांबून दिसणार, आणि तोवर तो दुसरीलाच आई म्हणत असणार. या वाड्यात असं झालेली ती पहिली नव्हती.

पण भीतीच्या खालून दुसरं काहीतरी वळवळत होतं. स्वर्गात झाडू मारणाऱ्या बाईला आमच्या वाड्यातली ईशान्य बरी पाठ!

"मला एकदा मातेची माफी मागू द्या," म्हणत तिनं सुपाच्या काठावर डोकं टेकलं. नाक अगदी पानांवर आलं.

बाळ झाल्यापासून तिला वास घेण्याचं वेडच लागलं होतं. दाईचे हात, दुपटं, औषधाची वाटी, सगळं आधी तिच्या नाकाखालून जायचं. दासी मागे हसत. आत्ताही तिनं सवयीनं श्वास ओढला. तुतीचा हिरवा वास. आणि त्याच्या आड एक कडसर, उग्र झाक. कुठंतरी ओळखीची.

"दूर! शापित पानं शिवू नका!" जोगीण किंचाळली. "आत्ताच्या आत्ता पुरून टाका!"

एवढी घाई? देवीचं अक्षर दहा दिवस पुजायचं की दहा क्षणांत गाडायचं? शूवेईनं कपाळ उचलता उचलता एक तुकडा बाहीत सरकवला.

महाराणी म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत मूल आईकडेच राहील. उद्या मी ठरवीन."

गर्दी पांगल्यावर शूवेईनं रेशीमघराची जुनी कामकरीण शन मावशी हिला गाठलं. मावशी हूचौ गावची. तिच्या तीन पिढ्या अळ्यांत गेलेल्या.

"मावशी, ही पानं अळ्यांनी का सोडली?"

"देवीची इच्छा, बाईसाहेब."

"तुझं मत विचारलंय, देवीचं नाही."

"माझी मान बारीक आहे, बाईसाहेब. मत ठेवायला तिच्यावर जागा नाही."

शूवेईनं बाहीतला तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. "माझं पोर नेतायत गं."

मावशीनं दाराकडे पाहिलं. मग तुकडा हुंगला आणि तिचा चेहरा पालटला. तिनं केराच्या टोपलीतून पाचसहा अळ्या काढल्या. छाती फुगलेली, मान वर ताठलेली, तोंडाशी तपकिरी पाणी.

"रोग नाही हा. आमच्याकडे तंबाखूच्या शेजारच्या बांधावरची तुती कुणी तोडत नाही. वाऱ्यानं आलेला तंबाखूसुद्धा अळीला बाधतो. चावा घेतला की मान वर करून अशी झोकांड्या खाते, ओकते. परवापासून मेल्या त्या अशाच मेल्या. मला वाटलं, पानं विकणाऱ्यानं घात केला."

"परवापासून," शूवेई म्हणाली. "जोगीण आली कधी?"

"परवाच." मावशीनं जीभ चावली. "आणि काल सांजेला दार लावून एकटीच पानं मंतरत बसली होती. मला म्हणाली, तुझ्या घामाचा मातेला विटाळ होतो. चाळीस वर्षं याच घामावर अळ्या वाढल्यात!"

म्हणजे अळ्या आधी मारल्या, मग त्या का मेल्या ते देवीला विचारलं. खोकलाही असाच आणला असेल का? त्या दिवशी शूवेईनं बाळाच्या खोलीतलं धुपाटणं बाहेर काढलं, दाईचा डबा उघडून पाहिला. काही सापडलं नाही. खोकला साधा सर्दीचाच असावा. पण संशय एकदा घरात शिरला की भांडंन् भांडं हुंगायला लावतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गर्दी परत जमली. शूवेई पुढे झाली.

"महाराणीसाहेब, मीही मातेला कौल लावलाय. मघाशी पानं घातली, तासाभरात उत्तर आलं. कापड आपणच काढावं."

"हिला कुणी दीक्षा दिली?" जोगीण तडकली. "माता कुणाशीही बोलत नसते!"

"ऐकू तरी, काय म्हणते ती," महाराणी म्हणाली आणि कापड उचललं.

पानं खाल्लेली होती. मधोमध उरला होता एक गोल चेहरा. दोन टोकदार कान, दोन्हीकडे तीन तीन मिशा.

कुणाला काही कळेना.

"हे काय?" महाराणीनं विचारलं.

"अपराधी, महाराणीसाहेब," शूवेई गंभीरपणे म्हणाली. "मातेनं आपल्या लाडक्या बोक्याचं नाव घेतलंय. राजपुत्राला खोकला त्याच्यामुळेच. आता त्याला ईशान्येला पाठवायचं का?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. महाराणीच्या ओठाचा कोपराही हलला.

"मावशी, दाखव."

शन मावशीनं चहाचा पेला पुढं केला. त्यात भिजवलेला तंबाखू, वर साधा लिहिण्याचा कुंचला. "याच्यानं काढलंय, सरकार. तंबाखूचं पाणी लागलं तेवढं पान अळी सोडते, बाकीचं खाते. मग बोका काढा, बदक काढा नाहीतर माणसाचं नाव."

"पाखंड!" जोगीण ओरडली. "तुझा आहे तो तंबाखू! मी पानांवर शिंपडलं ते मंतरलेलं तीर्थ. सात डोंगरांचं दव. एका थेंबात ज्वर जातो, दोन थेंबांत भूत!"

"मग दोन घोट घ्या ना," शूवेई म्हणाली. "आमच्यासमोर."

जोगिणीनं कमरेची कुपी घट्ट धरली. "आज... आज माझा निर्जळी उपास आहे."

"सकाळी माझ्याकडे तीन वाट्या पेज प्यायलीस," महाराणी थंडपणे म्हणाली. "कुपी आण."

खोज्यानं कुपी काढून घेतली. मावशीनं ताज्या पानावर ते तीर्थ पसरलं आणि वर दोन धडधाकट अळ्या सोडल्या. सगळ्या जणी वाकून पाहू लागल्या. एका अळीनं कडेला चावा घेतला, थांबली, मान वर केली आणि डुलू लागली. तोंडाशी तपकिरी थेंब आला. दुसरी सरळ मागं फिरली.

कुणीच हसलं नाही. कालपर्यंत याच पाण्याचे थेंब कित्येकींनी आपल्या लेकरांच्या कपाळाला लावले होते.

"कुणी बोलावलं होतं तुला?" महाराणीनं विचारलं.

जोगिणीची नजर क्षणभर राणी माजियाकडे गेली आणि लगेच खाली वळली. माजिया नखं पाहत होती. "ढोंगी मेली," ती म्हणाली, "मलाही फसवलं." आवाज अगदी स्थिर होता.

महाराणीनं जोगिणीला चौकशीसाठी कोठडीत धाडलं. राजपुत्र आईजवळच राहील, असं सगळ्यांसमोर सांगितलं. माजियाला मात्र ती एका शब्दानंही बोलली नाही, आणि ते न बोलणं शूवेईनं मनात नीट टिपून ठेवलं.

ती मावशीला घेऊन घाईनं महालाकडे निघाली, तर वाटेत एक तरुण दासी पायांवर पडली.

"बाईसाहेब, माता तुम्हालाच प्रसन्न आहे! माझ्या धाकट्या भावाचा ताप उतरेल का, तेवढं अळ्यांना विचारा ना."

मागे आणखी चारपाच जणी हात जोडून उभ्या. शूवेईला आधी रागच आला. एवढं डोळ्यांनी पाहिलं तरी? मग त्या पोरीचे रडून सुजलेले डोळे दिसले. अशाच डोळ्यांनी काल ती स्वतः बाळाच्या खोकल्यासाठी कुणाचंही ऐकायला निघाली होती. फक्त नाव तिचं निघालं, म्हणून ती हुंगायला वाकली. दुसरीचं निघालं असतं तर?

तिनं मावशीकडून कुंचला आणि तंबाखूचा पेला मागून घेतला आणि त्या पोरीच्या हातात दिला.

"जा, तूच काढ. बदक काढ, भोपळा काढ. तुझ्या हातानं एकदा काढलंस की पुन्हा कुणी तुला फसवणार नाही. अळीला पान कळतं गं, पाप कळत नाही. भावाला वैद्याकडे ने, मी चिठ्ठी देते. आणि कुणी म्हणालं, देवीनं अमकीचं नाव घेतलं, तर घाबरायच्या आधी विचार. त्याआधी तिथं एकटं कोण होतं? आणि या नावानं कुणाचं भलं होतंय?"