हवालदाराची फीत आणि वसंतरावांची खुर्ची

मी एक जुनी फीत आहे. मित्रांनो, फीत म्हटल्यावर तुम्हाला नव्या दुकानाच्या दारात बांधलेली, पाहुण्यांनी कात्रीने कापायची लाल रेशमी फीत आठवली असेल. ती माझी नशीबवान चुलत बहीण. मी ती नव्हे. सैन्यातल्या हवालदाराच्या उजव्या दंडावर शिवतात ती, खाली टोक असलेल्या तीन पट्ट्यांची फीत म्हणजे मी.

माझा जन्म एका छावणीच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानात झाला. एका पट्टीची फीत लान्स नायकाला लागते, दोन पट्ट्यांची नायकाला आणि तीन पट्ट्यांची हवालदाराला. त्याच्या वर फिती संपतात आणि खांद्यावरचे तारे सुरू होतात. आम्हा फीतवाल्यांचं आभाळ दंडापर्यंतच असतं, हे मला शिंप्याच्या डब्यातच कळलं होतं.

मला विकत घेतलं दौलतने. दौलत लालबागचा. गिरणी होती तोवर वडील गिरणीत होते. मी दंडावर लागल्यावर तो पहिल्यांदा सुट्टीवर चाळीत आला, तेव्हा तळमजल्यावरच्या रमाबाईंनी त्याला जिन्यातच गाठलं.

"काय रे दौलत, हवालदार झालास म्हणे! बरं झालं. आमच्या पोराची स्कूटर उचलून नेलीय. जरा फोन लाव की तुझ्या साहेबाला."

"काकू, मी पोलिसातला नाय. मिलिटरीतला हवालदार."

"अरे, हवालदार म्हणजे हवालदार. वर्दी हाय ना? मग लाव फोन!"

दौलतने समजावून पाहिलं. रमाबाई ऐकून घेत होत्या, पण त्यांचं लक्ष त्याच्या खिशातल्या फोनकडे होतं. मुंबईत मेजर सगळ्यांना कळतो, कर्नल कळतो, हवालदार म्हटलं की मात्र नाक्यावरचा पोलीसच डोळ्यांपुढे येतो. दौलत मेजर झाला असता तर सगळ्यांना कळलं असतं, पण तो हवालदार झाला आणि स्कूटर काही सुटली नाही.

म्हणून आधी सांगते, मित्रांनो, सैन्यातला हवालदार करतो काय. साहेब सांगतो, टेकडीवर जायचं. हवालदार बघतो, कोणाच्या बुटाचा तळ सुटलाय, कोणाला ताप आहे आणि तो लपवतोय, कोणाचं घरून फोन आल्यापासून जेवणात लक्ष नाही. हाताखालचे जेवले की मग तो ताट घेतो. साहेबाचा हुकूम खाली नेणं हे त्याचं अर्धं काम. खालच्यांचं दुखणं वर नेणं हे उरलेलं अर्धं, आणि ते जास्त जड. तुम्हाला वाटेल मी लढाया पाहिल्या. मी पाय पाहिले. लांब चालून आल्यावर दौलत एकेका जवानापुढे गुडघ्यावर बसायचा आणि मोजा काढायला लावून बोटांच्या बेचक्या तपासायचा. याला पायतपासणी म्हणतात. ती कुठल्या सिनेमात दाखवत नाहीत.

एकदा मनू नावाचा नवा पोरगा पाय मागे घ्यायला लागला.

"काय नाय उस्ताद, ठीक आहे."

"मनू, पाय तुझ्या एकट्याचा नाय. पलटणीचा आहे. मोजा काढ."

टाच सोलून निघाली होती. दौलत उठून तरुण लेफ्टनंट साहेबाकडे गेला. "साब, मनू उद्या चालणार नाही."

"तो तर म्हणतो, चालेन."

"तो म्हणणारच, साब. पाय म्हणत नाय."

साहेबाने दौलतकडे पाहिलं, मग माझ्याकडे, म्हणजे दंडाकडे. दुसऱ्या दिवशी मनू ट्रकमध्ये बसला. बस, एवढंच. माझ्या साऱ्या नोकरीत मला याहून मोठा पराक्रम दिसला नाही. हवालदाराने सांगितलं आणि वरच्याने ऐकलं. हे असंच असतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी कापडाची आहे, माझी समज बेताची.

दौलत निवृत्त झाला. मी काही दिवस सुई-दोऱ्याच्या डब्यात काढले. मग त्याला एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझरची नोकरी लागली, परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. एजन्सीचा कारभार हेरंब नावाचा गृहस्थ बघायचा. सगळे त्याला कॅप्टन म्हणत. तो कॅप्टन होता कॉलेजच्या खो-खो टीमचा, पण हे कोणी विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

एजन्सीचे कपडे आले तेव्हा दौलत चकित झाला. कालच भरती झालेल्या पोरासकट प्रत्येकाच्या बाहीवर तीन पट्ट्या.

"कॅप्टन, हे सगळेच हवालदार?"

"अहो, क्लायंटला भरगच्च वाटतं."

"मग कोणी कोणाचे पाय बघायचे?"

हेरंबला हा विनोद वाटला आणि तो मनापासून हसला.

त्या रात्री दौलतने शेवंतीला, म्हणजे बायकोला, एजन्सीची फीत उसवून मला लावायला सांगितलं. "उजव्या दंडार लाव गो."

"म्हायत आसा माका. हलू नका, सुई टोचतली."

अशी मी पुन्हा कामावर रुजू झाले.

गेटवर वसंतराव उभे असायचे. साठीला आलेले, वडाळ्याला राहणारे, साखरेचा आजार असलेले. गेटवर खुर्ची नव्हती. सोसायटीचा तसा नियमच होता. बसलेला वॉचमन झोपलेला दिसतो म्हणे. वसंतराव सकाळी यायचे आणि अंधार पडेपर्यंत उभे राहायचे. दौलतच्या लक्षात आलं की ते डावा पाय जमिनीला नीट टेकवत नाहीत. त्याने त्यांना पंपरूमच्या मागे नेलं आणि जुन्या सवयीने गुडघ्यावर बसला.

"अहो हवालदार, हे काय? उठा, उठा! लाज वाटते. बायकोनेसुद्धा कधी असे पाय बघितले नाहीत."

"मी बायको नाय. मोजा काढा."

मोजा निघेना. अंगठ्याखालच्या जखमेला चिकटला होता. वसंतरावांना ती जखम ठाऊकच नव्हती, कारण पायाला काही जाणवतच नव्हतं. दौलत त्यांना परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि घाईत होत्या, पण बोलल्या स्पष्ट. औषध चालू करू, पण या पायावर दिवसभर उभं राहायचं नाही. राहिलात तर आधी बोट जाईल, मग पाऊल. बसून काम करता येत असेल तर पाय वाचेल.

म्हणजे मित्रांनो, प्रश्न एका खुर्चीचा होता.

दौलत रीतीप्रमाणे आधी हेरंबकडे गेला. हेरंब म्हणाला, "हवालदार, क्लायंटला उभा माणूस पाहिजे. बसलेला माणूस तर प्रत्येकाच्या घरी आहेच! मॅडमशी बोला."

मॅडम म्हणजे सोसायटीच्या अध्यक्ष ऋताताई. अतिशय सभ्य बाई. त्यांनी दौलतला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"दौलतजी, आम्हाला खूप वाईट वाटतंय. खरंच. पण एंट्रन्सला प्लास्टिकची खुर्ची... तुम्ही समजू शकता ना? आणि शिस्त तुम्हाला काय सांगायची, तुम्ही तर आर्मीचे!"

"मॅडम, आर्मीत सावधान म्हटल्यावर थोड्या वेळाने विश्रामसुद्धा म्हणतात. ते म्हणायचं काम हवालदाराचं असतं."

"किती सुंदर! हे मी पंधरा ऑगस्टच्या भाषणात घेते हं."

घेतलंही. भाषणात त्या दौलतला 'आपले मेजर दौलतजी' म्हणाल्या. टाळ्या झाल्या. वसंतराव गेटवर उभे होते, तिथून त्यांनीही वाजवल्या.

दौलत घरी आला आणि गॅलरीतल्या निळ्या खुर्चीकडे बघत राहिला. शेवंती तिथे बसून संध्याकाळी रस्ता बघायची.

"न्या," ती म्हणाली. "मी उंबऱ्यार बसान. माझे पाय बरे आसत."

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची खांद्यावर टाकली आणि लालबागहून चालत परळला नेली. मी तिच्या पायाखाली घासले जात होते, पण माझी तक्रार नव्हती. वसंतराव बसेनात. "कोणी बघितलं तर?"

"वसंतराव, हुकूम आहे. बसा."

ते बसले. अनोळखी माणसाच्या लग्नात पुढच्या रांगेत बसवल्यासारखे, अगदी कडेला. पण बसले.

दुपारी वरच्या कुठल्यातरी मजल्यावरून फोटो निघाला आणि सोसायटीच्या ग्रुपवर पडला. खाली लिहिलं होतं, 'गेटवर चहाची टपरी चालू झाली का?' त्याखाली हसणारे चेहरे आले. एकाने विचारलं, 'भजी मिळतील का?' संध्याकाळच्या आत हेरंब आला आणि खुर्ची गाडीत टाकून घेऊन गेला. पुढे ती एजन्सीच्या ऑफिसात पाहुण्यांना बसायला ठेवल्याचं ऐकलं.

आता हवालदाराच्या हातात एकच गोष्ट उरली होती. सुपरवायझरची जागा आत होती, तळघरात, कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर. तिथे बसायला स्टूल होतं. ते कोणाच्या नजरेत येत नव्हतं.

"वसंतराव, उद्यापासून तुम्ही आत. गेट माझं."

"अहो, तुम्ही सुपरवायझर आहात."

"म्हणून तर सांगतोय."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. दौलत ऊन खात गेटवर उभा राहायचा, गाड्यांना सलाम ठोकायचा, आणि सुट्टी झाली की तळघरात जाऊन गुडघ्यावर बसायचा. जखम सुकायला लागली. "कातडी धरतेय हो, हवालदार!" वसंतराव वाकून वाकून आपलाच तळपाय बघायचे, जणू नवीन घेतलाय. खालच्याचं दुखणं वर नेता आलं नाही, तर ते स्वतःच्या अंगावर घ्यायचं, हे मी सैन्यातही पाहिलं होतं. मला वाटलं, जमलं.

मग एक दिवस हेरंब अचानक आला. तो रागावला नाही. दाराशी उभा राहून त्याने दौलतला नीट न्याहाळलं आणि खुश झाला.

"वा! तुम्ही सुपरवायझर असून गेटपण सांभाळताय? आणि कॅमेरा तर मला मोबाईलवर दिसतो. मग इथे दोन माणसं कशाला?"

दौलतच्या दंडाला घाम फुटलेला मला जाणवला. "कॅप्टन, तसं नाय. वसंतरावांचा पाय..."

पण हेरंब लिफ्टपर्यंत पोचला होता. ऋताताईंना कल्पना एकदम पसंत पडली. इतक्या दिवसांत कोणाची एक तक्रार आली नव्हती, म्हणजे एक माणूस पुरतो हे सिद्धच झालं होतं. ते सिद्ध केलं होतं दौलतने, उभं राहून. वसंतरावांची बदली वडाळ्याच्या गोदामावर झाली. घराच्या जवळ, म्हणून त्यांनी एजन्सीचे आभार मानावेत असंही सांगण्यात आलं. काम कंपाउंडला फेऱ्या मारायचं.

दौलत हेरंबच्या ऑफिसात गेला. तिथे निळी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तो बसला नाही. "मला काढा. त्यांना इथे स्टुलावर राहू दे."

"तुम्हाला कसं काढणार, हवालदार? तुमचा फोटो आमच्या ब्रोशरवर आहे!"

वसंतरावांना दौलत म्हणाला, जाऊ नका. ते म्हणाले, "मग खायचं काय? पाय?" आणि हसले. गोदामावर त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसणारं कोणी नव्हतं. दौलत फोन करायचा. "मोजा काढून बघितला का?"

"बघितला हो. मस्त आहे."

पाय काही म्हणत नाही, हे दौलतला ठाऊक होतं. पण पाय वडाळ्याला होता आणि दौलतला गेट सोडून हलता येत नव्हतं. दुसरा माणूस होता कुठे?

आधी बोट गेलं. मग पाऊल गेलं.

परळच्या त्याच इस्पितळात आम्ही भेटायला गेलो. शेवंतीने पेज आणली होती. वसंतराव वॉर्डच्या बाहेर व्हीलचेअरवर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी चाकावर थाप मारली.

"बघा हवालदार, शेवटी मिळाली खुर्ची! चाकंपण आहेत. तुमच्या मॅडमना विचारा, एंट्रन्सला शोभेल काय?"

दौलत हसला नाही. तो गुडघ्यावर बसला.

"उजवा दाखवा."

"अहो, आता त्याची काय काळजी? त्याला उभं कोण ठेवणार?"

दौलतने मोजा काढला आणि एकेक बेचकी तपासली. येणारे-जाणारे बघत होते. शेवंतीने पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला जपा. मी म्हणणार नाही. माझा एक धागा सुटला आहे, दुसरा सुटेल, त्याने काही बिघडत नाही. तीन पट्ट्यांना अर्थ असतो तो हाताखाली माणसं असेपर्यंत, आणि दौलतच्या हाताखाली आता कोणी नाही. तो एकटा गेटवर उभा असतो. अलीकडे घरी आल्यावर त्याचे बूट लवकर निघत नाहीत. पायांकडे लक्ष आहे का, असं शेवंती विचारते. तो म्हणतो, ठीक आहे.

तुमच्या इमारतीच्या दारातही कोणीतरी उभं असेल. येता-जाता त्याला एकदा 'बसा' म्हणा. तो बसणार नाही. तुमच्या शब्दावर बसायला तो वेडा नाही. तरीपण म्हणा.